गोल इंजिनाचं जुनं विमान: पंखा आधी हाताने का फिरवतात? आणि ते कोकणात टिकेल का?

सडेकर (शनिवार, सकाळी १०.२०)

देवगडात घरी आलोय. काल रात्रीपासून लाइट नाही, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, मोबाइल चाळीस टक्क्यांवर आहे. धागा काढायला याहून चांगला मुहूर्त नाही.

मे महिन्यात ऑफिसच्या कामाने इंग्लंडला होतो. तिथे एका सहकाऱ्याच्या ओळखीने यॅक-५२ मध्ये बसायला मिळालं. सोव्हिएत काळातलं, दोन जणांचं, एकामागे एक बसायचं शिकाऊ विमान. नाकात गोल इंजिन, म्हणजे रेडियल: मधल्या डब्याभोवती नऊ सिलिंडर, छत्रीच्या काड्यांसारखे चौफेर. ३६० अश्वशक्ती.

मला वाटलं होतं बसू आणि उडू. हवेत होतो जेमतेम वीस मिनिटं, त्याआधी जमिनीवर पाऊण तास. मालक सत्तरीचा. आधी त्याने स्विच बंद असल्याची खात्री केली, एकदा नाही, तीनदा. मग पंख्याचं पातं धरून सावकाश फिरवायला लागला. एक पातं, दुसरं पातं, मान वाकडी करून ऐकतोय. मी मदतीला हात पुढे केला तर असा ओरडला की आमचे आजोबा आठवले. मध्येच एका ठिकाणी पंखा अडला. त्याने जोर लावला नाही. हात काढला, पाना आणला, सगळ्यात खालच्या सिलिंडरचा प्लग खोलला. आतून वाटीभर काळं तेल आलं. ते डब्यात धरलं, प्लग पुसून परत बसवला आणि काही झालंच नाही अशा थाटात चहा प्यायला गेला.

तर प्रश्न दोन. हे हाताने फिरवणं नक्की कशासाठी? आणि असलं विमान आपल्या किनाऱ्यावर, चिपीला म्हणा, रत्नागिरीला म्हणा, ठेवलं तर या हवेत किती दिवस चालेल? घेणार नाहीये, ऐपत नाही. पण पावसाळ्यात माणसाने विचार करायला काय हरकत आहे.

आळशी_कासव

पाऊण तास तयारी आणि वीस मिनिटं काम. आमच्याकडे याला सरकारी बैठक म्हणतात.

वाफाळ

सोपं आहे. रात्रभर उभं राहिल्यावर तेल घट्ट होतं, ते सगळीकडे पसरावं म्हणून फिरवतात. माझी जुनी बुलेट आहे, थंडीत मीही आधी दोन-चार रिकाम्या किका मारतो आणि मग खरी मारतो. तोच प्रकार.

गिरणीवाला

आमच्या बापाशीची भाताची गिरण होती, एका सिलिंडराचा डिझेल इंजिन. हँडल मारुक दोन माणसा लागायची. एकान हँडल फिरवचा, दुसऱ्यान डिकंप्रेशनचो खटको धरून ठेवचो. येग इलो काय खटको सोडायचो. चुकीच्या वेळाक सोडलो तर हँडल उलटा येय आणि मनगट मोडी. आमच्या आळयेत तीन मनगटा तशी मोडलेली आसत. ता इमानवालो शाणो, हात काढल्यान.

दाबोळी७६ (शनिवार, दुपारी १.०५)

सडेकर, तुमच्या त्या सत्तरीतल्या माणसाने जे केलं ते अगदी बरोबर केलं. वाफाळ यांचं म्हणणं चूक नाही, पण मुख्य कारण ते नव्हे.

मी नौदलात हवाई यांत्रिक होतो. आता वेंगुर्ल्यात असतो, आंब्याची कलमं बघतो. १९७६ च्या नोव्हेंबरात गोव्यात दाबोळीला नौदलाची ३१२ स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा हवाई दलाकडची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं आमच्याकडे आली. मूळची एअर इंडियाची. एका विमानाला चार इंजिनं, प्रत्येक इंजिनात दोन रांगांत मिळून १८ सिलिंडर. म्हणजे ७२ सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, एकूण १४४ प्लग. हा पाढा मला अजून झोपेत येतो.

आता कारण. गाडीच्या इंजिनात सिलिंडर उभे असतात आणि तेल खाली चेंबरमध्ये बसतं. गोल इंजिनातले खालचे सिलिंडर उलटे टांगलेले, डोकं जमिनीकडे. इंजिन बंद झालं की आतलं तेल रिंगांवरून झिरपत झिरपत त्या डोक्यात जमतं. रात्रभरात, दोन दिवसांत, आठवड्यात. मग इंजिन फिरवलं की पिस्टन त्या डोक्याकडे जाणार. तिथे हवा असती तर दबली असती. तेल दबत नाही. स्टार्टरने तिथे जोर लावला की कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला मधल्या दांड्याशी जोडणारा दांडा, वाकतो.

आणि गंमत अशी की तो तेव्हाच तुटला तर नशीब समजायचं. वाकलेल्या रॉडवर इंजिन सुरू होतं, चालतंही नीट. मग पुढे कधीतरी, दहा तासांनी, वीस तासांनी, हवेत असताना तो सोडून देतो. म्हणून आधी हात. अडतंय हे हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही.

आमचे पंखे हाताने ओढण्याजोगे नव्हते. आम्ही स्विच बंद ठेवून स्टार्टरनेच सावकाश फिरवायचो आणि एक जण पाती मोजायचा. ठरलेली पाती मोजून झाल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही. नव्या पोराला पहिलं काम तेच, पाती मोजणे. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

वाफाळ

काका, शरणागती. बुलेटचा सिलिंडर उभा आहे, मुद्दा पोचला. पण मग अडल्यावर प्लग खोलायचा उपद्व्याप कशाला? पंखा थोडा उलटा फिरवला तर तेल आपसूक बाहेर जाईल की.

दाबोळी७६

तेच करायचं नाही! उलटं फिरवलं की ते तेल उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून इनटेकच्या नळीत ढकललं जातं. पंखा मोकळा झाला म्हणून आपण खूश. इंजिन सुरू झालं की पहिल्याच ओढीला तेच तेल परत सिलिंडरमध्ये. या वेळी मात्र इंजिन स्वतःच्या जोरावर फिरत असतं. बाहेर काढायचं तर प्लगच्या भोकातूनच.

मीठभाकर

पण स्विच तीनदा का बघितला? बंद म्हणजे बंद ना?

शेकरू

याचं उत्तर मी देते. मी सेसना १५२ वर शिकले, ते इंजिन आडवं, चार सिलिंडरचं, पण मॅग्नेटो तसेच.

मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. फिरला की स्वतःच ठिणगी पाडतो. स्विच बंद करतो म्हणजे आपण एका तारेने त्याला जमिनीशी जोडून गप्प बसवतो. आता ती तार कुठे तुटली तर? घरातली तार तुटली तर दिवा बंद होतो. इथे तार तुटली तर मॅग्नेटो चालू राहतो, आणि स्विच मात्र ‘बंद’ दाखवत असतो. म्हणून पंखा नेहमी जिवंत समजायचा, सापासारखा. पातं बोटांनी घट्ट पकडायचं नाही, अंग फिरण्याच्या रेषेत आणायचं नाही, ओढून झालं की मागे सरकायचं. सडेकर, तुम्ही हात पुढे केलात तेव्हा मीही ओरडलेच असते.

आळशी_कासव

पंखा, तेल, साप. घरबसल्या घाम फुटला. सडेकर, बॅटरी किती?

सडेकर

३१. आणि लाइट नाहीच.

चिकित्सक_चिंतू

शीर्षकाला माझा आक्षेप आहे. यॅक-५२ चं पहिलं उड्डाण १९७६ चं आणि ते रुमानियात बाकाऊला बनायचं. काकांची स्क्वाड्रन आणि हे विमान एका वयाचं. त्याला जुनं म्हणायचं तर माझ्या लग्नातल्या पंख्यालाही वारसा म्हणून जाहीर करा. खरी जुनी म्हणजे आपली. जेआरडींनी १९३२ ला कराची-जुहू केलं ते पस मॉथ, आपल्या हवाई दलाचं टायगर मॉथ, बंगळूरचं एचटी-२. ही सगळी गोल इंजिनाची.

दाबोळी७६

चिंतूराव, विमानं जुनी खरी, पण तिन्हींची इंजिनं गोल नव्हेत! तिन्हींत चार सिलिंडर एका सरळ रांगेत, तेही उलटे टांगलेले. पस मॉथ आणि टायगर मॉथला गिप्सी, एचटी-२ ला सिरस मेजर. एचटी-२ मात्र अभिमानाची गोष्ट. आपले डॉ. विष्णु माधव घाटगे यांचं डिझाइन, १९५१ साली उडालं.

गोल हवं असेल तर त्याच्याही दहा वर्षं आधी जा. वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. तिथून १९४१ च्या ऑगस्टमध्ये पहिलं विमान उडालं ते हार्लो पीसी-५. त्याच्या नाकात वॉर्नर कंपनीचं सात सिलिंडरचं गोल इंजिन. म्हणजे सोलापूरच्या माणसाच्या कारखान्यातलं पहिलं विमान गोल इंजिनाचं.

चिकित्सक_चिंतू

मागे घेतो. आक्षेप नाही, विमानांची यादी. यॅक जुनं नाही यावर ठाम आहे.

सडेकर

चिंतूराव, अर्धं मान्य. विमान १९७६ चं, पण त्यातलं इंजिन त्याच्याही आधीच्या घराण्यातलं, तीसेक वर्षं मागे जाणारं. सुरू करण्याची पद्धत तर आजोबांच्याच काळातली. मालक तरी त्याला जुनंच म्हणत होता, आणि तेल त्याच्याच पँटवर होतं.

प्राचीन_विज्ञान

१८९५ मध्ये चौपाटीवर तळपदे यांनी

आळशी_कासव

नको. त्याचा धागा आहे, तिथे चार हजार प्रतिसाद झालेत. इथे तेल चालू आहे.

मीठभाकर

बाळबोध प्रश्न. सिलिंडर सात, नऊ, अठरा म्हणजे दोनदा नऊ. आठ का नसतात? शुभ-अशुभ आहे का काही, एकशे एक रुपयांच्या पाकिटासारखं?

कढीपत्ता

मी इंजिनीअर नाही, पण मुलाला समजावताना एक युक्ती सापडली होती.

गोल पंगत समजा. वाढणारा मध्ये उभा राहून फिरतोय, पण एक पान सोडून एक वाढतोय. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांत एकदा येते, म्हणून एकाआड एक. आता पानं नऊ असतील तर पहिल्या फेरीत १, ३, ५, ७, ९ आणि न थांबता दुसऱ्या फेरीत २, ४, ६, ८. सगळे जेवले आणि वाढप्याची चाल एकदाही मोडली नाही. पानं आठ असतील तर तो १, ३, ५, ७ वाढून पुन्हा एकवरच येणार. निम्मी पंगत उपाशी, आणि मग नवऱ्याकडच्यांची भांडणं.

मीठभाकर

हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी आज बँकेत नसते.

दाबोळी७६

कढीपत्ता, पस्तीस वर्षांपूर्वी भेटला असतात तर पोरांना शिकवायला तुम्हालाच बोलावलं असतं.

बाल्या_नाच

मी वाचलं होतं की पहिल्या महायुद्धातल्या विमानांत अख्खं इंजिनच गोल फिरायचं. तेच का हे?

शेकरू

नाही, ते रोटरी. आणि तुमच्याच नावात उत्तर आहे. जाखडीत, म्हणजे बाल्या नाचात, गाणारे-वाजवणारे मध्ये आणि नाचणारे भोवती फिरतात, तसं रोटरीत मधला दांडा विमानाला पक्का आणि सिलिंडर पंख्यासकट गरगर भोवती. रेडियलमध्ये नाचणारे जागच्या जागी खिळलेले, फिरतो तो मधला दांडा. दिसायला दोन्ही सारखी, म्हणून गल्लत होते.

त्या रोटरीत वंगण म्हणून एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये मिसळून पातळ होत नाही. आणि ते परत टाकीत येत नसे, जळून धुराबरोबर बाहेर. बाहेर म्हणजे वैमानिकाच्या तोंडावर.

आळशी_कासव

म्हणजे दोन तास उड्डाण आणि मग...

शेकरू

तसं सांगतात खरं. जास्त खोलात जाऊ नका.

गिरणीवाला

आमची आजी दर शनिवारी देय. सगळी नातवंडा वैमानिक.

सडेकर (शनिवार, संध्याकाळी ६.४०)

लाइट आली! आता सुरू होण्याचं आणि उडण्याचं लिहितो, सकाळी राहून गेलं.

यॅक-५२ ला विजेचा स्टार्टर नाही. दाबलेल्या हवेची टाकी असते, सुमारे पन्नास वातावरणांच्या दाबाची. ती हवा पाळीपाळीने सिलिंडरमध्ये सोडतात आणि तिच्या जोरावर पंखा फिरतो. चहा झाल्यावर मालक मागे, मी पुढे. त्याने प्रायमरचा दांडा ओढून-ढकलून पेट्रोल आत मारलं, हवेची चावी उघडली, मोठ्याने ओरडून आजूबाजूला कोणी नाही ना बघितलं, आणि बटण दाबलं. आवाज आला तो इंजिनाचा नाही, एसटीचं दार उघडतं तसा, फुस्स. पंखा झटका देऊन दोन-तीन पाती फिरला. एक सिलिंडर पेटला, खोकला. मग दोन. मग काहीच नाही. मग एकदम चार-पाच मिळून, आणि पांढरा-निळा धूर असा लोटला की पुढचं काही दिसेना. धूर मागे सरला तेव्हा इंजिन चालू होतं. नऊच्या नऊ. त्याचा आवाज गाडीसारखा सलग नाही. डबडबडब, मध्ये एखादा ठोका चुकल्यासारखा, आणि सीट, पाठ, दात सगळं त्या तालावर.

मग पुन्हा थांबणं. तेल ४० अंशांवर आणि सिलिंडरचं डोकं १२० वर गेल्याशिवाय तो हलायला तयार नाही. नाकापुढे झडपा असतात, पाकळ्यांसारख्या उघडतात-मिटतात, त्या मिटून ठेवल्या होत्या ऊब लवकर यावी म्हणून.

ब्रेकही हवेवर, चाकं आत-बाहेर हवेवर, फ्लॅप हवेवर. जमिनीवरून चालताना सारखं फुस्स फुस्स. उडताना मला वाटलं होतं पाठीत धक्का बसेल. तसं झालं नाही. जोर हळूहळू चढत गेला आणि नाक उजवीकडे वळायला लागलं, मागून तो डावा पाय, डावा पाय म्हणून ओरडतोय. मग एका क्षणी खडखडाट थांबला, म्हणजे चाकं सुटली.

वर गेल्यावर त्याने दांडा माझ्या हातात दिला. एवढंच सांगतो, ते विमान विचार केला की वळतं. मी दोनदा वळवलं, त्याने एकदा पूर्ण पालथं केलं, आणि मला आदल्या रात्रीचं जेवण आठवलं. उतरल्यावर इंजिनाखाली तेलाचे थेंब होते. मी म्हटलं, गळतंय. तो म्हणाला, गळायचं थांबलं की काळजी करायची, म्हणजे आत उरलेलं नाही.

शेकरू

डाव्या पायाचं वाचून मजा वाटली. आम्हाला सेसनात उडताना उजवा पाय दाबायला शिकवतात. रशियन इंजिनांचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून बघितला तर उलट दिशेने फिरतो, म्हणून नाकही उलट बाजूला पळतं. इथून तिथे गेलेल्या माणसाचा पाय सवयीने चुकीचा पडतो.

आणि तुम्हाला पुढचं दिसत तरी होतं, यॅकला नाकाखाली चाक आहे म्हणून. स्टिअरमनसारख्या शेपटीवर बसणाऱ्या विमानात जमिनीवर असताना समोर फक्त इंजिन. साप चालतो तसं डावं-उजवं करत, बाजूने डोकावत जावं लागतं.

खाडीकिनारा

हवेच्या टाकीवरून एक शंका. टाकीच रिकामी झाली तर? ढकलस्टार्ट?

सडेकर

हे मीही विचारलं. इंजिन चालू असताना त्याचा कॉम्प्रेसर टाकी भरत राहतो. पण रात्रभरात कुठून गळती झाली तर सकाळी विमान जागचं हलत नाही. मालकाकडे त्यावर उपाय होता: पाणबुड्यांचा सिलिंडर, रेग्युलेटर लावून.

खाडीकिनारा

अहो मग झालंच की! तारकर्लीला ढिगाने स्कुबाचे सिलिंडर आहेत. सकाळी पर्यटकांना मासे दाखवायचे, दुपारी विमान सुरू करून द्यायचं. चिपी तिथून हाकेच्या अंतरावर.

दाबोळी७६

विनोद म्हणून ठीक, आणि खरंही आहे, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हवाच. कोणीतरी हुशारी करून वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन आणेल. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही.

कोरडा_बोंबील

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळणार का? मी सांगतो: टिकणार नाही. माझी मोटारसायकल समुद्रापासून दोनशे मीटरवर उभी असते. चार पावसाळ्यांत सायलेन्सर गेला, साखळी दर वर्षी. अ‍ॅल्युमिनियमची खिडकी पांढऱ्या भुकटीने फुलते. विमान म्हणजे पंख लावलेली खिडकीच.

वाफाळ

असहमत. गाडी गंजते कारण आपण बघत नाही. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, तेल सगळीकडे फिरतं, संपला विषय. मी बुलेटचं तेच करतो.

दाबोळी७६

वाफाळ, पुन्हा तुमच्याशीच भांडण, राग मानू नका. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ रिंगांच्या फटीतून तेलात उतरते. इंजिन चांगलं तापून तासभर चाललं, म्हणजे उडालं, तर ती वाफ निघून जाते. दहा मिनिटं चालवून बंद केलंत तर तुम्ही दर रविवारी तेलात पाणी घालताय. त्यापेक्षा न चालवलेलं बरं.

उडवायचं नसेल तर झोपवून ठेवायचं. प्लग काढून त्या जागी सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग लावतात. दाणे निळे असतात, ओल शोषली की गुलाबी. दाबोळीला पावसाळ्यात ते बघता बघता गुलाबी व्हायचे. काढा, तापवा, निळे करा, परत लावा. मिठासाठी गोड्या पाण्याने धुणं. किनाऱ्यावरून उडून आलं की धुवायचं, आळस चालत नाही. मॅग्नेटोत दमट हवा शिरली की ठिणगी आतल्या आत कुठेही पळते. आणि लाकडी पंखा असेल, यॅकचा असतो, तर ओल आणि ऊन दोन्ही त्याचे वैरी.

आणखी एक, पुस्तकात कमी सापडेल असं. कुंभारीण. मातीचं घर बांधणारी माशी. वेग मोजायला पंखावर एक बारीक नळी असते, तिचं तोंड तिला फार आवडतं. टोपी घालायला विसरलात तर एका दुपारीत नळी बुजवते, आणि उडल्यावर वेगाचा काटा मेलेला.

कोरडा_बोंबील

कुंभारणीने माझ्या दाराची कडी बुजवली होती. विश्वास ठेवतो.

शेकरू (रविवार, सकाळी ८.१५)

गंज आहेच, पण तो जमिनीवरचा. हवेतला धोका वेगळा आहे आणि ऐकून तुम्ही हसाल. बर्फ.

आळशी_कासव

हसलो. रत्नागिरीत बर्फ फक्त मासळी बाजारात.

शेकरू

म्हणूनच तर गाफील राहतो माणूस. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते, ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते. त्यात हवा अरुंद जागेतून पसरते, आणखी गार होते. वीस-पंचवीस अंशांनी तापमान सहज पडतं. बाहेर २५ अंश असले तरी आत शून्याखाली. आणि बर्फाला पाणी लागतं ते आपल्या हवेत भरपूर. राजस्थानातल्या कोरड्या थंडीपेक्षा इथली ऑगस्टमधली ढगाळ सकाळ जास्त वाईट.

मला अनुभव आहे. शिकत असताना, पावसाळा नुकता संपलेला. उतरायला खाली येत होते, थ्रॉटल जवळजवळ बंद. इंजिनाचे फेरे आपोआप उतरले, मग थरथर. शेजारी बसलेलं कोणी नाही, एकटी होते. गरम हवेची कळ ओढली. पुढचे काही क्षण सगळ्यात भयंकर, कारण कळ ओढल्यावर आधी आणखी बिघडतं. वितळलेलं पाणी इंजिन गिळत असतं. तिथे घाबरून कळ परत ढकलली की संपलं. मी ढकलली नाही. धैर्य वगैरे काही नाही, हात गोठला होता.

यॅकला कार्बोरेटरचं तापमान दाखवणारा काटाच असतो, त्यामुळे आधी कळतं. सडेकर, तुम्ही बघितलात का?

सडेकर

एक काटा होता, त्याकडे तो वरचेवर बोट दाखवत होता. मी समुद्राकडे बघत होतो. आता लाज वाटतेय.

हिशेबनीस

सगळे तेल-पाण्याचं बोलताय, पेट्रोलचं कोण बोलणार? विमानतळावर जे इंधन मिळतं ते जेटचं, रॉकेलच्या जातीचं. पिस्टन इंजिनाला एव्हगॅस लागतं. ते वर्षानुवर्षं बाहेरून यायचं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये बडोद्याच्या रिफायनरीत करायला घेतलं. पण चिपीच्या सड्यावर तुमच्या एका विमानासाठी पिंपं कोण आणणार? आंब्याच्या पेट्यांच्या परतीच्या ट्रकने? परवानग्यांचं तर मी काढतच नाही. विमानतळ आहे म्हणून कुणीही जाऊन उतरतं असं नसतं.

खाडीकिनारा

हिशेबनीस आले की स्वप्नांची वाट लागते. पण चिपीचा सडा म्हणजे धावपट्टीसाठी देवाने आखून दिलेली जागा. चारी बाजूंनी मोकळा कातळ.

कोरडा_बोंबील

देवाने आखली, आणि २०२१ उजाडलं विमान यायला.

चिकित्सक_चिंतू

अवांतर आहे, पण कोकणाचं नाव घेतलंत म्हणून. हवाई दलाने २०१८ मध्ये एक दुरुस्त केलेलं डाकोटा ताफ्यात घेतलं. नंबर व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिलं सैन्य उतरवणाऱ्या डाकोटांची आठवण म्हणून. त्याला दोन इंजिनं, प्रत्येकी चौदा सिलिंडरची, आणि काका, ही नक्की गोल. त्या विमानाचं नाव ‘परशुराम’.

बाल्या_नाच

बाण मारून समुद्र हटवला तेही विमानातूनच म्हणायचं का आता?

चिकित्सक_चिंतू

प्राचीन_विज्ञान यांना विचारा.

दाबोळी७६

चिंतूराव, गोल. या वेळी शंभर टक्के.

सडेकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर. टिकेल. आमची टिकली होती की. समुद्र धावपट्टीच्या टोकाशी, चार-चार महिने पाऊस. पण एका विमानामागे आम्ही किती माणसं होतो ते बघा. सकाळी पाच वाजता टॉर्च घेऊन इंजिनाखाली उभं राहायला माणूस लागतो, रोज. विमान घेणारे मिळतील. तो माणूस कुठून आणणार? माझे गुडघे गेलेत.

त्यातलं एक विमान अजून दाबोळीच्या नौदल संग्रहालयात उघड्यावर उभं आहे. मी गेल्या कैक वर्षांत गेलो नाही. पंखे आता फिरत नसणार.

सडेकर

काका, मी पुढच्या रविवारपर्यंत इथेच आहे. गाडी आहे. वेंगुर्ल्याहून तुम्हाला घेऊन जातो. शनिवारी जमेल?

दाबोळी७६

जमवतो. सकाळी लवकर निघू, उन्हाच्या आत. छत्री घ्या. आणि जुने कपडे घाला, ते अजून गळत असलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

शेकरू

मी मडगावला येऊन मिळू शकते. माझं नाव धरा.

मीठभाकर

फोटो टाका. प्लग मोजून या, १४४ भरतात का बघा.

गिरणीवाला

सावंतवाडीवरसून जातास तर माकाय घेवन चला. बाहत्तर सिलिंडर बघूचे आसत. कोणी विचारल्यान तर सांगा, हँडल मारुक माणूस आणलो हा.